निळ्या रेषेच्या चार पावलं बाहेर

वाचकाचा प्रश्न

शिरोळ तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलंय. घरात सासू-सासरे, नवरा, सातवीतली मुलगी आणि दोन म्हशी. नवरा इचलकरंजीला एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब बघतो. गावठाणातलं जुनं मातीचं घर २०१९ च्या महापुरात एका अंगानं बसलं, २०२१ ला उरलेली भिंतही गेली. तेव्हापासून पत्र्याच्या दोन खोल्यांत संसार चाललाय. आता गावाच्या कडेला तीन गुंठ्यांचा प्लॉट मिळतोय, भाव परवडणारा आहे. विकणारा म्हणतो, ‘निळ्या रेषेच्या बाहेर आहे, निर्धास्त बांधा.’ त्या जागेत २०१९ ला गुडघाभर पाणी होतं. सासरे म्हणतात, असा पूर शंभर वर्षांतनं एकदा येतो, तो येऊन गेला. शिवाय ते सगळं धरणांमुळं झालं. दुसरी एक जागा तीन किलोमीटरवर माळभागात आहे. ती महाग, शेतापासून लांब, आणि नळाला पाणी दिवसाआड. कर्ज वीस वर्षांचं काढावं लागणार. ताई विचारतात, ‘निळ्या रेषेच्या बाहेर म्हणजे धोका नाही ना? पाऊस लागला की मी रात्री उठून ओढ्याचा आवाज ऐकत बसते. मीच उगीच भिते का? सासऱ्यांना दुखवून माळावर जायचा हट्ट धरू का?’

उत्तर

ताई, तुम्ही उगीच भीत नाही. दोन वर्षांच्या अंतरानं दोनदा घर गेलेल्या माणसानं ओढ्याचा आवाज ऐकणं हा भित्रेपणा नव्हे. ते आधी मनातनं काढा, मग पुढचं बोलू.

माझं माहेर हरिपूरचं, वारणा जिथं कृष्णेला मिळते तिथलं. २००५ ला पाणी उतरल्यावर भावाबरोबर घर उघडायला गेले होते. आईनं निघताना मोठ्या शहाणपणानं कपड्यांची लोखंडी ट्रंक टेबलावर ठेवली होती, ‘पाणी आलं तर वीतभर येईल’ म्हणून. पाणी कमरेच्या वर आलं. लाकडी टेबल तरंगलं, कलंडलं आणि ट्रंक पाण्यात गेली. आठ दिवसांनी उघडली तर आईच्या शालूचा रंग सगळ्या कपड्यांना लागलेला, आणि तळाशी घराची कागदपत्रं लगदा होऊन बसलेली. आईनं पुराकडं दुर्लक्ष केलं नव्हतं, तयारीही केली होती. फक्त पाणी किती चढेल याचा तिचा अंदाज चुकला. तुमचा प्लॉटही मला त्या टेबलासारखा वाटतो, म्हणून हे सांगितलं.

आता रेषांचं. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. साधारण पंचवीस वर्षांतनं एकदा येईल असा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा. शंभर वर्षांतनं एकदा येईल असा पूर जिथवर जातो ती लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, तिथं नवीन घर बांधता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधला पट्टा नियंत्रित. तिथं बांधता येतं, पण राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट, वर.

तेव्हा विकणारा कदाचित खोटं बोलत नसेल. प्लॉट खरोखर निळ्या रेषेच्या बाहेर असेल. पण ‘बाहेर’ म्हणजे किती बाहेर, आणि लाल रेषेच्या आत की बाहेर, हे त्यानं सांगितलेलं नाही आणि तुम्हीही अजून विचारलेलं दिसत नाही. निळी रेषा सरकारच्या प्रश्नाचं उत्तर देते: इथं बांधायला परवानगी द्यायची की नाही? तुमचे प्रश्न निराळे आहेत. माझ्या घरात पाणी किती चढेल, किती दिवस राहील, आणि त्याआधी मी बाहेर पडू शकेन का?

पंचवीस वर्षांतनं एकदा, शंभर वर्षांतनं एकदा, या बोलण्यानं फार घोटाळा केलाय. ऐकताना वाटतं, पूर येऊन गेला की आता त्याची पाळी पंचवीस किंवा शंभर वर्षांनी. नदी असली पाळी ठेवत नाही. याचा खरा अर्थ असा की निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दरवर्षी शंभरात चार, आणि लाल रेषेपर्यंत येण्याची दरवर्षी शंभरात एक. यंदा आलं म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. सोंगट्या खेळताना एकदा दान पडलं म्हणून पुढच्या फेकीला ते पडणार नाही असं थोडंच असतं? तुमच्या तालुक्यानं २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सोळा वर्षांत बघितलेत.

हाच हिशेब तुमच्या कर्जाला लावा. वीस वर्षांत निळ्या रेषेपर्यंत पाणी एकदा तरी येण्याची शक्यता ५६ टक्के निघते, लाल रेषेपर्यंत येण्याची १८ टक्के. तुमचा प्लॉट दोन्हींच्या मध्ये असेल आणि निळ्या रेषेला लागून असेल, तर त्याची शक्यता ५६ च्या जवळची धरायची, १८ च्या नाही. रेषा ओलांडून चार पावलं बाहेर आलं म्हणून पाणी थबकत नाही. कर्ज फिटायच्या आत घरात पाणी येण्या-न येण्याची शक्यता जवळपास निम्मी-निम्मी असेल, तर तो भाव स्वस्त म्हणायचा का?

हे आकडे मागच्या नोंदींवरनं बांधलेले अंदाज आहेत. नोंदी वाढल्या की अंदाज बदलतात आणि रेषाही सरकू शकते. शिवाय प्रत्येक पूर वेगळा असतो. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर २०२१ चं पाणी २०१९ पेक्षा वर गेलं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ मात्र २०१९ चंच पाणी वरचढ राहिलं, तेव्हा ते ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं. एका गावाला मागच्या पुराचा धडा लागू पडतो, दुसऱ्याला पडत नाही.

सासऱ्यांचं दुसरं म्हणणं, हे सगळं धरणांनी केलं. हा विषय काठावरच्या प्रत्येक घरात पेटलेला आहे आणि त्यामागचं दुःख मला कळतं. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या पुराला कृष्णेवरचं कर्नाटकातलं अलमट्टी धरण जबाबदार असल्याचं मानलं नाही. अलमट्टीची उंची ५१९.६ मीटरवरनं ५२४.२५६ मीटर करायला महाराष्ट्राचा आजही विरोध आहे, आणि काठावरच्या लोकांच्या मनातला संशय गेलेला नाही. तो वाद लढायला हवा, धरणांतला विसर्ग वेळेवर आणि मोजून व्हावा म्हणून धरही लावायला हवा. पण घर कुठं बांधायचं हे त्या वादाच्या निकालावर टांगून ठेवू नका. घाटावर आठ-दहा दिवस पाऊस कोसळला तर कोयना, वारणा, राधानगरीतनं पाणी सोडावंच लागतं, आणि धरणांच्या खालच्या बाजूला पडलेला पाऊस कुणाच्याच हातात नसतो. त्यात पंचगंगा कोल्हापुरापासनं नृसिंहवाडीपर्यंत, म्हणजे ती कृष्णेला मिळते तिथवर, अगदी थोड्या उतारावरनं, वळणं घेत येते. कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेला आत शिरायला वाव राहत नाही. पाणी मागं फुगतं, ओढ्यांत शिरतं, आणि नदीपासनं लांब असलेल्या शिवारात मागच्या दारानं येतं. दोष कुणाचाही ठरो, पाणी तुमच्या गल्लीत येणार.

ओढ्याचं मुद्दाम सांगते, कारण तुम्ही त्याचा आवाज ऐकता. पूररेषा मुख्यतः नदीच्या आखलेल्या असतात. गावातले ओढे-नाले नकाशात असतात, पण त्यांच्या काठाला रेषा असेलच असं नाही. नव्या प्लॉटच्या कुठल्या अंगाला ओढा आहे, त्यावरच्या रस्त्याखालची मोरी केवढी आहे, कुणी भराव टाकून तो अरुंद केलाय का, हे स्वतः चालत जाऊन बघा.

आणि हे करताना सासऱ्यांना सोबत घ्या. तुम्ही ‘हट्ट’ हा शब्द वापरलाय, जणू एका बाजूला तुम्ही आणि दुसऱ्या बाजूला ते. पण पुराची सगळ्यात चांगली माहिती तुमच्या घरात त्यांच्याकडंच आहे. कुठल्या सालात पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, पहिल्यांदा कुठून शिरलं, उतरताना कुणाच्या शेतात तुंबून राहिलं, हे कुठल्याच नकाशात नाही. त्यांना ‘तुमचं चुकतंय’ म्हणू नका. ‘दादा, चला, दाखवा मला’ म्हणा.

मग एका रविवारी एक काम करा. गावात २०१९ च्या पाण्याची खूण कुठं ना कुठं असणारच. शाळेच्या भिंतीवर, सोसायटीच्या गोदामावर, देवळाच्या खांबावर, कुणीतरी ऑइलपेंटनं रेघ ओढून साल लिहिलेलं असतं. प्लॉटच्या सगळ्यात जवळची खूण शोधा. ओळखीच्या गवंड्याकडनं लेव्हलची पारदर्शक नळी आणा, तीच, फरशीची पातळी बघायला वापरतात ती. नळीत पाणी भरायचं, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. एक टोक भिंतीवरच्या रेघेला धरायचं, दुसरं टोक घेऊन पुढं जायचं आणि काठीवर खूण करायची. तिथनं पुन्हा पुढं. असं टप्प्याटप्प्यानं प्लॉटवर पोचलात की २०१९ चं पाणी त्या जागेत नक्की किती उंच होतं ते काठीवर दिसेल. अंतर फार असेल तर टप्प्यागणिक चूक वाढते. तेव्हा एखाद्या सर्व्हेयरला अर्ध्या दिवसाचे पैसे देऊन यंत्रानं मोजून घ्या. लाखो रुपयांच्या कर्जापुढं तो खर्च काहीच नाही. ‘गुडघाभर’ हा शब्द मी धरून चालणार नाही. कुणाचा गुडघा, आणि तो कुठं उभा होता? वरच्या बांधावर उभं राहिलेल्या माणसाच्या गुडघाभर म्हणजे खालच्या कोपऱ्यात छातीभर असू शकतं.

दुसरं काम कागदाचं. गट नंबर घेऊन पाटबंधारे विभागाच्या कार्यालयात जा. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दोन गोष्टी मागा: गट नंबरासह पूररेषेचा नकाशा, आणि त्या ठिकाणच्या लाल रेषेची समुद्रसपाटीपासनंची उंची, मीटरमध्ये. तोंडी उत्तरावर थांबू नका, मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात मागा. नगररचना कार्यालयाचा झोन दाखला आणि बिगरशेतीचा आदेशही बघा. यातलं काही न दाखवता जो इसाराची घाई करतो, त्याला पैसे देऊ नका.

उंची हातात आली की जोत्याचा हिशेब मांडा. समजा लाल रेषेच्या पातळीला त्या प्लॉटवर तीन फूट पाणी निघालं, तर जोतं साडेचार फूट उंच घ्यावं लागेल. तुमच्याकडं काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून पाया खोल लागतो. वर साडेचार फूट जोतं, त्यात मुरूम, पायऱ्या, म्हशींना चढायला उतार. एवढा खर्च प्लॉटच्या किमतीत मिळवा आणि मग माळाच्या जागेशी ताडून बघा. मला वाटतं, दोन्ही भावांतला फरक तुम्हाला वाटतोय त्याहून बराच कमी निघेल.

जुन्या लोकांना हे हिशेबाशिवाय कळत होतं. गाव वसलं ते पांढरीत, शेत राहिलं काळीत. नदीकाठच्या बऱ्याच गावांत पांढरी म्हणजे आजूबाजूपेक्षा उंचवट्याची जागा. गेल्या तीस-चाळीस वर्षांत पांढरी भरली आणि नवे प्लॉट काळीत पडत गेले, खाली, ओढ्याकडं. २०१९ ला पांढरीतसुद्धा पाणी आलं हे खरं. पण ते तिथं शेवटी आलं आणि आधी उतरलं. तुम्हाला मिळणारा प्लॉट पांढरीतला की काळीतला, हे सासऱ्यांना विचारा. क्षणात सांगतील.

आता ज्या प्रश्नाचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही तो. घर कोरडं राहील का, यापेक्षा मला जास्त काळजी आहे ती वाटेची. गावाबाहेर पडायचा रस्ता किती पाण्यात बुडतो? तुमच्या भागात घराला पाणी लागायच्या आधी एक-दोन दिवस रस्ता जातो. मग उंच जोत्यावरचं कोरडं घरही बेट होतं. चारी बाजूंनी पाणी, वीज नाही, प्यायचं पाणी नाही, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या संपलेल्या, आणि म्हशींचा चारा दोन दिवसांचा. २०१९ ला किती लोक केवळ जनावरांपायी मागं राहिले, ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ ला बोट उलटली आणि माणसं गेली. ती वेळ येण्याआधी बाहेर पडायचं असेल, तर जागा निवडतानाच वाट बघायला हवी. त्या प्लॉटपासनं पक्क्या उंच रस्त्यापर्यंत चालत जा आणि मधली सगळ्यात खोलगट जागा कुठली ते बघा. तुमची मुदत ती खोलगट जागा ठरवते.

त्यासाठी एक वही घाला. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. आयर्विनला ४० आणि ४५. हे आकडे पावसाळ्यात रोज मोबाइलवर येतात, पण ते कोल्हापूरचे आणि सांगलीचे. तुमच्या मोरीवर त्या वेळी काय असतं ते तुम्हीच लिहून ठेवायचं: ‘आयर्विन अमुक फूट, आमच्या मोरीला पाणी लागलं. अमुक फूट, रस्ता बंद.’ शेजारी तुमच्याच तालुक्यातल्या, कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याची पातळीही लिहा. मागच्या पुरांचं सासऱ्यांना आणि शेजाऱ्यांना आठवेल तेवढं आधी भरा. मग घरात एकमतानं आकडा ठरवा: या फुटाला म्हशी हलवायच्या, या फुटाला माणसं. आकडा कोरड्या दिवसांत ठरला की ऐन वेळी वाद होत नाही.

माझं मत विचाराल तर, मोजमाप काही निराळं सांगत नसेल तर माळावर घर बांधा, लहान का होईना. नळाला दिवसाआड पाणी येतं त्याला टाकी आहे, तीन किलोमीटरला मोटरसायकल आहे. सासऱ्यांना नको वाटतंय ते माळ नव्हे, शेत आणि गोठ्यापासनं तुटणं. मग ते तोडू नका. गावठाणातली जागा विकू नका. तिथं पत्र्याचा गोठा आणि दुपारी टेकायला एक खोली ठेवा, वाहून गेली तरी छाती फुटणार नाही अशी. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या लोकांना सोनतळीला जागा मिळाल्या, तरी अनेकांचं घर-गोठा चिखलीतच राहिला. पाणी चढायला लागलं की माणसं-जनावरं सोनतळीला जातात. दोन ठिकाणी संसार ही ओढाताण असते हे खरं, पण पाणी आल्यावर जायला स्वतःची जागा असते. तुमच्या माळावरच्या घराशेजारी दोन म्हशी आठ दिवस बांधता येतील एवढं छप्पर पहिल्या दिवसापासनं ठेवा. सासऱ्यांशी तिथनंच बोलायला सुरुवात करा.

आणि समजा माळ परवडलाच नाही, कडेच्या प्लॉटवरच बांधायचं ठरलं, तर मातीत आणि मुरमात पैसे घालण्यापेक्षा घर आरसीसी खांबांवर उचला. खालचा मजला मोकळा ठेवा, पाणी येईल आणि जाईल. भराव टाकून प्लॉट उंच केला की तुमचं पाणी शेजाऱ्याकडं वळतं, आणि उद्या त्याच्या भरावानं ते तुमच्याकडं. जिना बाहेरनं थेट गच्चीवर न्या. मीटर आणि बोर्ड वरच्या मजल्यावर. मातीच्या भिंतीचा विचारही नको. ती पाण्यात असताना उभी राहते आणि पाणी उतरल्यावर बसते, हे तुम्ही अनुभवलंय. विमा घ्या. ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे, तिच्यात पुराचं नुकसान धरलेलं असतं. पण सही करण्याआधी ते कलम वाचून घ्या, आणि घराचे, सामानाचे फोटो तारखेसह नवऱ्याच्या मोबाइलशिवाय आणखी एका ठिकाणी ठेवा.

हे वाचणाऱ्या कोकणातल्या मंडळींसाठी एवढंच, की कृष्णाकाठाला निदान एक-दोन दिवस हाताशी मिळतात. वाशिष्ठी नदी तेवढे देत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी काही तासांत चढलं. तुमच्याकडं वहीतल्या आकड्यांवर विसंबू नका. घरातनंच वर जायची जागा आहे का, ते आधी बघा.

ताई, मोजायचं काम जूनच्या आत उरका, पाऊस लागला की त्या काळ्या मातीत पाय ठरणार नाही. आणि जाताना मुलीलाही न्या. नळीचं एक टोक सासऱ्यांच्या हातात, दुसरं तिच्या हातात द्या. काठीवर रेघ तिलाच ओढू दे, आणि शेजारी साल लिहायला सांगा.